जांभळ्या साडीचं ठिगळ

मथुराबाईच्या घरात जुनी साडी कधी मरत नसे. नेसून विरली की तिचा पुढचा जन्म सुरू व्हायचा, आणि असे सात-आठ जन्म तरी ही बाई तिला भोगायला लावायची. मऊ सुती असली तर थेट गोधडीत. टेरिकॉटची असली तर उन्हाळ्यात तिच्यावर कुरडया वाळायच्या. मग पट्ट्या फाडून, त्यांची वेणी घालून कपडे वाळवायची दोरी. काठ उसवून परकराचे नाडे. उरल्यासुरल्याची डोक्यावरच्या हंड्याखाली चुंबळ, चुंबळ झिजली की चुलीवरचं भांडं उतरवायचं फडकं, आणि फडकं काळंठिक्कर पडलं की दारातलं पायपुसणं. फुलसावंगीच्या त्या गल्लीतल्या बाया खास विचारायला यायच्या, आणि ही नाक वर करून सांगायची, "फेकाले अक्कल नाई लागत बाई, चालवाले लागते."

या वाक्याचा तिला भारी तोरा. एकुलत्या एका पोरीला, प्रियंकाला, लग्नानंतरच्या दोन वर्षांत तिने हेच वेगवेगळ्या शब्दांत ऐकवलं. नवरा धड बोलत नाही, सासू घालूनपाडून बोलते, असं पोरगी सांगायची. "निभावून घे, होईल सारं बराबर," असं आईचं उत्तर ठरलेलं. पोरगी दोनदा पिशवी घेऊन माहेरी आली. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी मथुराबाईने तिला एसटीत बसवलं आणि सासरच्या दारात नेऊन सोडलं. दुसऱ्या वेळी प्रियंका रस्ताभर एक शब्द बोलली नव्हती. मथुराबाईला तेव्हा ते समजूतदारपणाचं लक्षण वाटलं.

आता तीन महिने झाले, तक्रार बंद होती. दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की फोन यायचा. "बरी हावो, माय." मथुराबाई गल्लीभर सांगत सुटली होती की पोर रुळली.

भाद्रपदात सोयाबीनच्या शेंगा भरल्या आणि रानडुकरं वावरात शिरू लागली. अशा वेळी इकडे सगळे एकच करतात. बाजारातून जुन्या साड्यांचं गाठोडं आणायचं आणि वावराला चारी बाजूंनी साड्या बांधायच्या. वाऱ्यावर फडफडणारे रंग आणि माणसाचा वास, त्याला डुक्कर बिचकतं. मथुराबाईचा नवरा उकंडा उमरखेडच्या बाजारातून असंच गाठोडं घेऊन आला आणि त्याने ते अंगणात टाकलं. मथुराबाई लगेच निवडायला बसली. त्यातल्या दोन-चार बऱ्या साड्या घरात ढापायच्या, हा तिचा दरवर्षीचा हक्क.

चौथी साडी जांभळी निघाली, हिरव्या काठाची. पदर हाताशी आला आणि मथुराबाईच्या बोटांना ठिगळ लागलं.

प्रियंकाच्या लग्नात ही साडी दाराच्या खिळ्याला अडकून पदराला फाटली होती. मथुराबाईने याच साडीच्या आतल्या, कमरेला खोचायच्या टोकाचा बोटभर तुकडा कापून तिथे असा बसवला होता की नवरीलाही दिसू नये. तिने साडीचं दुसरं टोक शोधलं. बोटभर चौकोन कापलेला होताच.

"भांडेवालीले देली असंन," उकंडा म्हणाला. "साऱ्याच बाया देतेत. तिच्याकडूनच येतेत ह्या बाजारात."

"लग्नातली? अन् माह्या पोरीनं?"

तिने सगळं गाठोडं उपसलं. दिवाळीची पिवळी निघाली. ओटीची हिरवी निघाली. प्रियंकाच्या चार साड्या निघाल्या, आणि चारच तिला दिल्या होत्या. घरात नांदणाऱ्या सुनेच्या सगळ्या साड्या कोणी विकत नाही. पोरीला फोन लावला तर बंद.

सकाळच्या पहिल्या एसटीने ती एकटीच पोरीच्या सासरी गेली. प्रियंकाच्या सासूबाई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही की या म्हटलं नाही.

"आता आलात? तीन महिने झाले तिले जाऊन."

"जाऊन? कुठं?"

"तुमच्याकडं नाई?" बाईने पहिल्यांदा वर पाहिलं. "मागं दोनदा तुमीच आणून सोडली. याही वेळी सोडसान म्हणून वाट पायली आमी. मंग देऊन टाकलं सारं भांडेवालीले."

मथुराबाईला भांडायचं होतं. रस्ताभर तिने मनात शब्दांची जुळवाजुळव करून ठेवली होती. पण त्या बाईच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं, तर भांडायचं कशावरून? ती तशीच मागे फिरली.

गावाच्या फाट्यावर एसटीची वाट पाहताना तिने पुन्हा फोन लावला. या वेळी लागला.

"कुठं हायेस तू?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "नागपूरले. पोरींच्या हॉस्टेलात सैपाक करून राह्यली. बरी हावो, माय. खोटं नाई बोलली मी."

"मंग घरी काहून नाई आली?"

प्रियंका रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "आली असती. मंग तिसऱ्या दिवशी तूच एसटीत बसवलं असतं."

मथुराबाई रडली. फाट्यावर चार माणसं होती, त्यांच्यादेखत रडली. "आता ये," ती म्हणाली. "आता नाई धाडत तुले."

"आता इथं काम हाये, माय. ठेवतो."

"रविवारी करजो फोन."

"करीन."

घरी आली तोवर उकंडाने वावराला साड्या बांधत आणल्या होत्या. नाल्याच्या अंगाला थोडी जागा उघडी राहिली होती. त्याने प्रियंकाच्या साड्या मागितल्या. मथुराबाईने पेटीतली स्वतःची ठेवणीतली साडी काढून त्याच्या हातात दिली आणि त्या चार साड्या घडी घालून पेटीत ठेवल्या.

रविवार आला. जेवणं आटोपली. मथुराबाई मोबाईल मांडीवर घेऊन ओसरीवर बसली. ऊन अंगणातून सरकत सरकत भिंतीवर चढलं. तेवढ्यात शेजारची बेबीताई एक विरलेली साडी घेऊन आली.

"याचं काय करू वं, मथुराबाई?"

"फेकून दे."

बेबीताई हसली आणि पुढचं ऐकायला पायरीवर टेकली. मथुराबाई मांडीवरच्या मोबाईलकडे बघत होती. बऱ्याच वेळाने बेबीताई उठून गेली, तरी फोन वाजला नव्हता.