केसभर वाकडं

पाणीपुरवठा कार्यालयाचा नकाशा विभाग कधी बंद पडला नाही तो काकांमुळे, आणि कधी वेगाने चालला नाही तोही काकांमुळेच. काका विभागाचे प्रमुख होते, पण प्रमुखासारखं ठासून बोलणं त्यांना आयुष्यात जमलं नाही. स्वतःच्या शब्दावरच त्यांचा भरवसा नसे. गॅस बंद केला का हे बघायला ते अर्ध्या रस्त्यातून घरी परत जात. बायको दारातच सांगे, "बंद आहे. आणि तुम्ही विचारायच्या आत सांगते, खिडकीही लावलीय."

शहराच्या पोटात कुठून कुठे नळ गेलेत याचे सगळे नकाशे विभागातल्या एका कॉम्प्युटरवर होते. रोज संध्याकाळी काका टेप ड्राइव्हमध्ये एक टेप सारत आणि दिवसभराचं काम तिच्यावर उतरवून ठेवत. नुसतं उतरवून त्यांना चैन पडत नसे. तीच टेप ते त्याच ड्राइव्हवर पुन्हा वाचून बघत. ती बरोबर वाचली जाई. मग कपाटाला कुलूप.

अशा माणसाच्या कॉम्प्युटरची डिस्क एका सकाळी मेली, तेव्हा विभागात कुणी हातपाय गाळले नाहीत. अडचण एवढीच होती की, दुसऱ्या दिवशी रुग्णालयासमोरचा रस्ता खोदायचा होता, आणि मुख्य नळ नेमका कुठून जातो हे नकाशाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. चुकीच्या जागी कुदळ पडली तर रुग्णालयाचं पाणी गेलं.

"काका, संध्याकाळपर्यंत नकाशा माझ्या टेबलावर पाहिजे," साहेब म्हणाले. "नाही मिळाला, तर उद्या मुकादमाच्या शेजारी तुम्ही उभं राहायचं. आणि बोटाने दाखवायचं."

"हो साहेब," काका म्हणाले, आणि त्यांना ते बोट आत्तापासूनच चुकीच्या जागी रोखलेलं दिसलं.

नवी डिस्क बसली. दुसऱ्या कुणी टेप घातली असती आणि काम संपवलं असतं. पण काकांच्या मनात आलं, ड्राइव्ह म्हातारा झालाय, कुरकुरतो; नेमकी आजच टेप आत अडकून तुटली तर? तेव्हा आधी ड्राइव्ह तपासून घ्यावा. त्यांनी दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं.

बाई आल्या, पिशवी टेबलावर आपटली, ड्राइव्हचं झाकण उघडलं आणि म्हणाल्या, "अग्गंबाई! याला कुणी पाणी तरी विचारलंय का इतक्या वर्षांत? हे हेड बघा, टेपवर लिहिणारा आणि वाचणारा भाग. केसभर वाकडं झालंय. कुरकुरणार नाही तर काय करेल?"

त्यांनी धूळ काढली, एक बारीक स्क्रू फिरवला, स्वतःजवळची तपासणीची टेप घालून हेड अगदी सरळ असल्याची खात्री केली. ड्राइव्हची कुरकुर थांबली. काकांना समाधान वाटलं. त्यांनी आदल्या संध्याकाळची टेप घातली.

टेप रिकामी आहे, असं पडद्यावर आलं.

काकांनी परवाची घातली. रिकामी. त्याच्या आधीची घातली, तीही रिकामी. बाईंनी केबल बदलली. कोरी टेप घेऊन तिच्यावर काहीतरी लिहिलं आणि वाचलं. झकास वाचलं गेलं. हिशेब विभागातून दुसरा ड्राइव्ह उचलून आणला. त्यालाही काकांच्या सगळ्या टेपा रिकाम्या दिसल्या.

"काका, रागावू नका," बाई म्हणाल्या, "पण इतकी वर्षं तुम्ही नक्की काय भरत होतात?"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. इतरांना शंका आली असती की यंत्र बिघडलंय. काकांना स्वतःचीच शंका आली. भरलं होतं ना आपण? की भरल्यासारखं वाटलं? तेवढ्यात फोन वाजला. बायको होती.

"अहो, जेवलात का?"

"टेपा रिकाम्या निघाल्या," काका म्हणाले.

"अशा कशा निघतील? रोज वाचून बघता ना? त्यापायी तर रोज घरी यायला उशीर."

"कालसुद्धा वाचली."

"मग काल होतं ते आज कुठे गेलं? कालपासून तुम्ही केलंत काय?"

"काही नाही गं. फक्त ड्राइव्ह दुरुस्त..." काका म्हणाले, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "वाकड्याने लिहिलं, वाकड्यानेच वाचलं! दोघांचं आपसात जमत होतं हो. मीच मधे पडले."

"मग पुन्हा वाकडं करा."

"काका, माझं आयुष्य गेलं वाकड्याचं सरळ करण्यात. उलट कामाला आजवर कुणी बोलावलं नाही."

"किती वाकडं होतं?"

"म्हटलं ना, केसभर."

"डावीकडे की उजवीकडे?"

बाईंनी वाकून स्क्रूकडे पाहिलं. "सरळ करताना कोण लक्षात ठेवतं?"

मग दुपारभर एक चमत्कारिक काम चाललं. बाई स्क्रू जरासा बिघडवायच्या, काका टेप घालायचे, पडदा रिकामी म्हणायचा. "अजून थोडं वाईट करा," काका अजिजीने म्हणायचे. डावीकडे काही हाती लागलं नाही. उजवीकडे बरंच पुढे गेल्यावर ड्राइव्ह एकदा खाकरला, मग पूर्वीसारखा कुरकुरायला लागला, आणि पडद्यावर नकाशांची नावं भराभर उतरली. रुग्णालयाचा रस्ता उघडला. मुख्य नळाची निळी रेघ जिथे खोदायचं ठरलं होतं, बरोबर तिथूनच जात होती.

साहेब स्वतः खाली आले. नकाशा बघून त्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली.

"केवढा अनर्थ टळला! शिपाई म्हणाला, तुम्ही टेप घालायच्या आधी ड्राइव्ह दुरुस्त करून घेतलात. याला म्हणतात दूरदृष्टी. मी आत्ताच सगळ्या शाखांना फोन केलाय. बाई, उद्या सकाळपासून एकेक शाखा घ्या. एकूण एक ड्राइव्ह सरळ झाला पाहिजे."

बाई छताकडे बघायला लागल्या. साहेब जिन्याकडे वळले.

काकांना बोलायचं होतं. पण बोलायचं म्हणजे, नकाशा सकाळीच मिळाला असता आणि दिवस आपल्या काळजीने खाल्ला, हेही सांगणं आलं. शिवाय शाखांमधले ड्राइव्ह कदाचित सरळच असतील. कदाचित नसतीलही, आणि मग तिथल्याही टेपा रिकाम्या निघतील. कौतुक झाल्या झाल्या मोडता घालणं बरं दिसेल का? आधी लिहून काढावं का? साहेबांचे बूट जिन्यावर वाजू लागले.

"साहेब, थांबा! हात लावू नका!"

आवाज एवढा मोठा होता की काकांनीच दचकून मागे पाहिलं. साहेब अर्ध्या जिन्यात थबकले.

"कशाला हात लावू नका?"

"कशालाच," काका म्हणाले. ते जिन्याची पहिली पायरी चढले. "आणि साहेब, ती दूरदृष्टी म्हणालात ना, तिचंही जरा सांगायचं होतं."