डाव्या हाताची वीत

घरी कुणी आलं की महेबूब मिस्त्री आधी खोकायचे आणि मग गाडीची गोष्ट सांगायचे. सून सबाला आत भाकरी थापता थापता आवाजावरून कळायचं, गोष्ट कुठवर आली ते. वय एकोणऐंशी, जालन्यातलं वर्कशॉप बंद होऊन बारा वर्षं झालेली, टेंभुर्णीत मुलाच्या घरी ओसरीवर एक खाट. एवढंच उरलं की माणूस गोष्ट जरा घासूनपुसून ठेवतो.

आज मात्र समोरच्या मुलीनं नाव सांगितलं आणि ते खोकायचंच विसरले.

"मी आकांक्षा. केदारखेड्याची. भुजंग ड्रायव्हरची नात."

"म्हणजे रामप्रसादची?"

"हो, धाकटी. मिस्त्रीबाबा, शिकरा सापडली."

शिकरा म्हणजे ती गाडी. अठ्ठ्याहत्तर साली जालन्यातल्या एका जिनिंगवाल्या शेठला शर्यतीच्या गाडीची हौस आली आणि ती त्यानं महेबूबच्या गळ्यात घातली. भंगारातलं इंजिन, पाइपांचा सांगाडा, वरून अॅल्युमिनियमचा पत्रा, तोही वाळूच्या पोत्यावर ठोकून ठोकून गोल केलेला. नकाशा कागदावर नव्हताच. वर्कशॉपच्या जमिनीवर चुन्यानं अख्खी गाडी काढलेली, खऱ्या मापाची. बायको मेहरुन्निसा चहा घेऊन यायची ती साडी उचलून, एकही रेघ न पुसता. एवढी अदब तिनं नवऱ्याला कधी दाखवली नाही. मापं सगळी विती-बोटांत. "कागदावर गाडी छोटी होते आन् खोटी होते," हे वाक्य मिस्त्री पेपरवाल्यांना आवर्जून सांगत.

आकांक्षा पुण्यात एका जुन्या गाड्यांच्या शौकीन माणसाकडे नोकरीला होती. त्यानं शेठच्या गोदामातून शिकराचा सांगाडा उचलला होता आणि ती गाडी पुन्हा उभी करायचं काम हिच्याकडे होतं.

"जशी होती तशीच करायची," ती वही उघडत म्हणाली. "सूतभर इकडं तिकडं न्हाई. एक विचारायचं होतं. पुढचं चाक धरून ठेवणारा दांडा आहे ना, तो डावीकडं दीड बोट वर बसवलाय. आधी वाटलं आजोबांच्या अपघातात सरकला. पण जोड जुनाच आहे, तुमच्या हातचा. मंग आमचे साहेब म्हणले, शर्यतीत वळणं एकाच बाजूची होती, म्हणून मिस्त्रींनी मुद्दाम तसं केलं असणार. त्यांनी त्याच्यावर लेखच लिहिला. तुमचं नाव मोठ्या अक्षरात."

महेबूब मिस्त्रींनी मान हलवली. मान हलवायला काय लागतं! त्या मुलीचे डोळे चमकले आणि तिनं वहीत लिहून घेतलं: मुद्दाम.

"चालवणार कोण?" त्यांनी विचारलं.

"मीच की! जानेवारीत जुन्या गाड्यांची शर्यत आहे."

"अन् आजी? साळूवैनी जाऊ देती?"

"आजी म्हणली, गाडी चांगली व्हती पोरी, माणसानं घात केला. तू पीत न्हाईस, मंग तुला काय भ्या?"

आत सबा हसली. महेबूब मिस्त्री दोन्ही हात मांडीवर पालथे टाकून त्यांच्याकडे बघत बसले.

"लिहिलेलं खोड," ते म्हणाले.

"काय?"

"मुद्दाम न्हाई ते. खोड म्हणतो ना बेटा."

मग जी गोष्ट त्यांनी सांगितली ती सबानंही कधी ऐकली नव्हती. उजव्या बाजूचा दांडा त्यांनी उजव्या हाताच्या वितीनं मापून बसवला. दुसऱ्या दिवशी वेल्डिंग करताना उजवा तळवा भाजला, पट्टी बांधली. शेठ घाई करून राह्यला होता. मग डाव्या बाजूचं माप त्यांनी डाव्या हातानं घेतलं. जन्मभर हातोडा धरणाऱ्या माणसाचा उजवा पंजा जास्त फाकतो, डावा कमी. मागून पुढं उतरत येणाऱ्या पाइपावर सहा विती मोजता मोजता दीड बोटाचा फरक पडला, दांडा तेवढा वर बसला. चुन्याची रेघ तोवर पायाखाली पुसली होती, ताडून बघायला काही नव्हतं.

"भुजंगला कळलं होतं," ते म्हणाले. "अंबडच्या रस्त्यानं फिरवून आल्ता. म्हणला, मिस्त्री, चाक उसळलं की डावीकडं वढती. मी सगळ्यांच्या समोर बोललो, गाडी न्हाई वढत, तू वढतो, रातची उतरली न्हाई तुझी. सारं वर्कशॉप हसलं. तोबी हसला."

"आजोबा प्यायचे ना पण?"

"महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी. शर्यतीच्या आधी आठ दिवस त्यानं चहासुद्धा सोडल्ता, पोट हलकं पाहिजे म्हणून."

दक्षिणेत कुठं तरी जुन्या धावपट्टीवर शर्यत होती. सिमेंटच्या सांध्यावर चाक उसळलं, गाडी डावीकडं गेली आणि डांबराच्या पिंपांत घुसली. जालन्यात बातमी आली तेव्हा कारण शोधावं लागलंच नाही. मिस्त्रींची मस्करी लोकांच्या तोंडात तयार होती. पंधरा दिवसांत ती मस्करीही राहिली नाही. भुजंग दारू पिऊन मेला, हे बसस्टँडवरच्या पानवाल्यालाही ठाऊक झालं.

आकांक्षाचं पेन वहीवर टेकलेलं तसंच होतं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"सांगाडा परत आला त्या दिवशी. वीत लावून पाह्यली. आधी उजवी, मंग डावी."

"आन् गप बसलात."

"बसलो."

"सत्तेचाळीस वर्षं?"

तिनं फोन काढला, आजीला लावला, आवाज मोठा केला आणि खाटेवर त्यांच्या पुढ्यात ठेवला. पलीकडे कोंबड्यांचा कालवा आणि साळूबाईचा खणखणीत आवाज.

"कोण, महेबूबभाई? आरं, जित्ता हाईस व्हय अजून? मला वाटलं, वर जाऊन तिथल्याबी गाड्या बिघडवून ठिवल्या असतील!"

"वैनी," ते म्हणाले, "भुजंग त्या दिवशी प्याला नव्हता. चूक माझी होती. गाडीत होती."

आणि त्यांनी सगळं सांगितलं, जेवढं मुलीला सांगितलं तेवढंच, पण हळू. पलीकडे कुणी कोंबड्यांना हाकललं असावं, कालवा थांबला.

मग साळूबाई बोलली. "आता कुणाला सांगू हे? नावं ठिवणारी समदी मेली. सासू गेली, जावा गेल्या. भावकीतला एक माणूस ऱ्हायला न्हाई ज्याच्या तोंडावर जाऊन बोलावं."

"वैनी, माफी..."

"थांब. मी माझ्या रामप्रसादला कसा वाढवला, ठाव हाय? रोज. जेवायला बसला की रोज. बापासारखा निघू नको, बापासारखा दारुडा निघू नको. लेकरानं बापाचा फोटोबी भिंतीला लावू दिला न्हाई. ते मी बोलले, महेबूबभाई. तू न्हाई बोललास. माझ्या तोंडानं बोलले. फोन ठिव, पोरी."

आकांक्षानं फोन उचलला. लिहिलेलं खोडलं, नीट, दोन रेघा मारून. मग टेप काढला आणि महेबूब मिस्त्रींचा उजवा हात स्वतःच खाटेवर पसरवून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मापला. बोटं आता पूर्वीसारखी उघडत नव्हती. तिनं माप लिहिलं, पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

"मी येतो," ते म्हणाले. "रामप्रसादला मी सांगतो. माझं काम आहे ते."

"नका येऊ." ती उठली. चपला घालताना तिनं वर बघितलं नाही. "दर ईदला पप्पा तुमच्याकडं येतात. म्हणतात, बाप असता तर मिस्त्रींसारखा असावा. मला आधी ठरवू द्या, त्यांना कोणता बाप परत द्यायचा आन् कोणता काढून घ्यायचा."

ती गेल्यावर सबा चहा घेऊन आली आणि एक कप तसाच माघारी नेऊ लागली.

"सबा," ते म्हणाले, "माझा फोन चार्जिंगला लाव."

"कुणाचा येणार आहे, अब्बा?"

"आज न्हाई येणार," महेबूब मिस्त्री म्हणाले. "लावून ठेव पण."