गुराबाची शिडे

पिंप्राळ्यातल्या आपल्या घरी भूपेंद्र सरांनी जे तीन डोलकाठ्यांचे गुराब, म्हणजे जुन्या लढाऊ जहाजाची छोटी प्रतिकृती, बांधले, त्याला लाकूड मिळाले, दोर मिळाले. अडले ते शिडांपाशी. मराठ्यांच्या आरमारावर सर आयुष्यभर व्याख्याने देत आले होते, आणि ती ऐकणाऱ्या पिढ्यांनी समुद्र पाहिला होता तो बहुधा कॅलेंडरवर. ज्या संस्थेत नोकरी झाली तिच्या नव्या इतिहास दालनात, आपल्या हातचे, निदान एक जहाज खरे उभे राहावे, एवढाच त्यांचा हट्ट होता. घाईही होती. उजव्या हाताला कंप सुटला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. आशा दिली नव्हती.

लहान जहाजाला बाजारचे कापड चालत नाही. त्या मापात त्याचा धागा सुतळीएवढा दिसतो. धुळ्यात हसीनाबी या जुन्या ओळखीच्या कापडवाल्या. त्यांनी गठ्ठ्यांमागून गठ्ठे उलगडले आणि अखेर, हसत, स्वतःची धुऊन धुऊन विरलेली मलमलीची ओढणी काढून दिली. सरांनी ती चहाच्या पाण्यात उकळली, कारण खारे वारे खाल्लेले शीड पांढरेशुभ्र नसते. अरुंद पट्ट्या जोडून त्यांनी शिडे शिवली, कडेने दोरी टाचली. सकाळच्या गोळीनंतर हात जरा थांबे, तेवढ्यातच काय ते टाके पडत. मग पातळ डिंकात भिजवून एकेक शीड पालथ्या वाटीवर वाळत घातले, म्हणजे त्याला वाऱ्याचे पोट यावे. शिडे नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, फुगली. माथ्यावरचा झेंडाही सरांनी नाळेकडेच उडवला. जो वारा जहाज ढकलतो, तोच झेंड्याला मागे कसा उडवील?

हे कोडे संस्थेचे अध्यक्ष जीवरामभाऊंना मात्र कधी पडले नव्हते. मिरवणुकीत मोटारसायकलींचा ताफा पुढे काढण्यात त्यांची हयात गेली होती. जहाज पाहून ते गहिवरले, सरांना नमस्कार केला आणि मग हळूच म्हणाले, "सर, झेंडा कधी पुढे उडस का? गाडीवर झेंडा मांगेच उडस. पोऱ्यासले बी माहीत शे."

सरांनी समजावले. भाऊंनी मान डोलावली. ज्ञानाला मान डोलावण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे, आणि तिचे पालन झाले की पुढे काही करावे लागत नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी सर दालनात गेले, तेव्हा झेंडा मागे उडत होता. एकट्या झेंड्याने भागले नव्हते. झेंडा एकीकडे आणि शिडे दुसरीकडे, हे सजावटीचे काम घेतलेल्या कुंदनच्या डोळ्यांना खुपले होते. म्हणून त्याने सगळी शिडे उतरवून, उलटी फिरवून, पक्क्या गोंदाने पुन्हा चिकटवली होती. काम सफाईदार होते. आता वारा एकच होता, आणि तो समोरून येत होता. सगळी शिडे डोलकाठ्यांवर दाबली गेली होती आणि गुराब, नाळ शत्रूकडे ठेवून, पूर्ण वेगाने मागे चालले होते. खाली पितळी पाटीवर सरांचे नाव होते.

"सर, राहू द्या ना आता," कुंदन अजिजीने म्हणाला. "इथं कोणाला कळतंय?"

"मला कळतंय."

सरांनी भाऊंना फोन करून जहाजाच्या पेटीची किल्ली मागितली. सरांनी भांडणाची जय्यत तयारी केली होती. पुरावे जिभेवर होते. पण भाऊ भांडलेच नाहीत. जहाज तुमचे, म्हणाले, हवे तसे करा. आणि काचेच्या पेटीची किल्ली पाठवून दिली.

उरलेली मलमल सरांच्या पिशवीत होती. कुंदनने चिकटवलेले एकेक शीड त्यांनी चाचपून पाहिले. ओढून काढले तर फाटणार, तेव्हा सगळी नव्याने शिवायची, हे उघड होते. त्यांनी कुंदनला बाहेर बसवले. टेबलावर पट्ट्या मांडल्या. सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा सुईच्या डावीकडून गेला, उजवीकडून गेला. त्यांनी कोपर टेबलाला टेकवले, डाव्या हाताने उजवे मनगट धरले, तर दोन्ही हात मिळून थरथरू लागले. एवढ्या वर्षांत त्यांना अडवणारा कोणी ना कोणी होताच. प्राचार्य, समिती, अनुदान. आज कोणीच नव्हते. दालन त्यांचे होते, किल्ली त्यांची होती.

सुई फरशीवर पडली. ती त्यांनी शोधली नाही.

दुसऱ्या दिवशी जीवरामभाऊ पाहुण्यांना अभिमानाने सांगत होते की सर किती काटेकोर. काल स्वतः किल्ली मागवून घेतली, अख्खी संध्याकाळ आत बसून एकेक शीड तपासले, आणि मगच पेटीला कुलूप लावले.

यातला शब्दही खोटा नव्हता. काचेआड गुराब अजून मागेच चालले होते. पाहुण्यांनी कौतुकाने हात पुढे केला. सरांनी आपला उजवा हात खिशातून काढला नाही.