न पाहिलेलं बूड

लसणाची पाकळी पांढरीच राहिली होती. कढईत तिखटाचा तांबूस रस सुटलेला, अळंब्या आकसून मऊ झालेल्या, आणि त्यांतून आईनं चमच्यावर उचलून धरलेली ती पाकळी… "बग, काळी पडली न्हाय. चांगल्या हाईत." चुलीपाशी भाकरी थापणारी राजी, मंजुश्रीच्या धाकट्या भावाची बायको, नुसती हसली. तिच्या पायांना अजून रानातला चिखल होता. मंजुश्रीला वाटलं, गेल्या साली मी आणलेल्या अळंब्यांना ही पाकळी मिळालीच नव्हती — त्या कढईपर्यंत पोचल्याच नव्हत्या.

तेव्हा आईनं एकेक उलटी करून बघितली होती. "बूड कुठाय गं हिचं?" मंजुश्रीनं त्या फुलं खुडावीत तशा वरून खुडलेल्या. वारुळावरच्या अळंबीचं मूळ लांब, आत वारुळापर्यंत गेलेलं असतं. विषारीच्या बुडाशी वाटी असते. ती मातीतच राहिली तर वरून सगळ्या सारख्याच — हे सांगत आईनं सगळी बुट्टी उकिरड्यावर पालथी केली होती. "तू आपली बेळगावच्या खडेबाजारातली डब्यातली खा बाई." सगळे हसले. तीही हसली.

"आज बूड बघितलं नाहीस, आई?"

"राजीनं आणल्यात की. म्हंजे मीच आणल्यागत. बगायचं काय त्यात?"

अळंब्यांचं ते वारूळ कुठं आहे हे घरात दोघींनाच ठाऊक. आईला तिच्या सासूनं दाखवलेलं, आईनं राजीला — नवी नवरी असताना, पहाटे, कुणाला कळू न देता. यंदा आईचे गुडघे चालेनात म्हणून राजी एकटीच गेली होती. लहानपणी मंजुश्री पदर धरून मागं लागायची, मला ने, मला दाखव… आणि आई म्हणायची, "तुला कशाला गं? तू काय हितं ऱ्हाणार हैस?" खरंच ती राहिली नव्हती. पण न राहणाऱ्या माणसाला एक जागासुद्धा ठाऊक असू नये? चाळिशी उलटली, कपाटं भरतील एवढी पुस्तकं वाचून झाली, आणि जीव अडकलाय कशात, तर मातीच्या एका ढिगात — स्वतःचीच लाज वाटावी असं हे…

"आक्का, ताट घेऊ?" राजीनं विचारलं.

"भूक नाही."

"रुसली जणू," आई राजीकडं बघत म्हणाली. राजीकडं! "जाऊ दे, तिच्या वाट्याची मीच खातो."

मंजुश्री बेळगावच्या बसमध्ये बसली. वाटेतलं मच्छे गाव येईपर्यंत ती आईशी मनातल्या मनात भांडत होती.

पहाटे आईला आणि राजीला, दोघींनाही उलट्या झाल्या. मग उतार पडला, आई फोनवर म्हणाली, "काय न्हाय गं, पोट बिघडलं हुतं." आणि मग तिचे डोळे पिवळे झाले. लसणाला यातलं काही कळत नाही, शिजवल्यानंही हे विष मरत नाही, डॉक्टर सांगत होते, आणि यकृत… राजीच्या वाट्याला कढईच्या कडेचं थोडं आलेलं. ती वाचली. परशराम, मंजुश्रीचा भाऊ, अळंब्यांना कधी शिवतच नसे.

आता आईचं दिवसकार्य उरकलं होतं. दुपारभर गावातल्या बाया राजीला जवळ घेत होत्या. यशोदाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तुजा काय दोष गं पोरी? तू काय जाणून आणलीस?" मंजुश्री दाराशी बसून बघत होती. तिला राग यायला हवा होता. राग स्वच्छ असतो, त्याला नाव देता येतं. पण आत हलत होतं ते जुनंच — रडणंसुद्धा राजीच्याच वाट्याला जास्त आलं. आईचं मरणही राजीचं. मी कोण? रुसून गेले म्हणून उरलेली.

बाया गेल्यावर राजी सरकत तिच्याजवळ आली.

"आक्का, एकडाव शिव्या तरी द्या मला. पाऊस आलता… घाईनं वरनंच मोडल्या मी. आईंनी इचारलं असतं तर सांगितलं असतं. इचारलंच न्हाय."

"माझ्या असत्या तर विचारलं असतं," मंजुश्री म्हणाली. आवाज तिचाच होता, पण इतका शांत कसा? "एकेकीचं बूड बघितलं असतं. फेकून दिल्या असत्या, आणि आज आई इथं बसली असती."

राजी उठू लागली तशी मंजुश्रीनं तिचा हात धरला.

"मला सगळं कळतं, राजी. तरी वाटतं — एकदा, एकदा तरी तिनं न बघता माझ्या हातचं खायला हवं होतं."