कुणाला न कळणारी मराठी

माधवरावांच्या घरात मराठी ही बोलायची भाषा कमी आणि लपवायची जास्त होती. तंजावर सोडून चेन्नईला आल्याला पिढ्या लोटल्या. शाळा तमिळ झाली, कचेरी इंग्रजी झाली, मराठी उरली ती स्वयंपाकघरात आणि बाजारात. जॉर्ज टाउनच्या दुकानात साडी हातात धरून माधवराव चेहऱ्यावरची रेषही न हलवता बायकोला सांगत, "रंग जाईल, उठ एथून." दुकानदार बिचारा हसून आणखी चार साड्या उलगडी. आटोत बसून आटोवाल्याला नावं ठेवावीत, लग्नाच्या पंगतीत बसून यजमानाच्या सांबाराला. कुणाला काय कळतंय! शशिकलाबाईही पदराआड हसत. ही युक्ती एक दिवस आपल्यावरच चालेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

शशिकलाबाई पश्चिम मांबलमच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचे आणि नकाशा न काढता दिलेल्या उत्तराला त्या कधी अर्ध्याहून जास्त मार्क देत नसत. आंघोळ करताना छातीत गाठ लागली, तेव्हा त्यांनीच घरात सांगितलं आणि स्वतःच डॉक्टरकडे गेल्या. तपासण्या झाल्या. रिपोर्ट आणायला मात्र माधवराव आणि मुलगा वेंकट गेले, आणि येताना "साधी गाठ आहे, काढली की झालं" एवढंच घेऊन आले.

खरं काय ते शशिकलाबाईंना कॉफीनं सांगितलं. कॉफीला नावं ठेवल्याशिवाय माधवरावांचा दिवस उगवत नसे. कधी कडू, कधी गार, कधी दूध जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्टरमधलं डिकॉक्शन खरोखरच पाणचट उतरलं होतं, आणि माधवराव कप संपवून म्हणाले, "झकास झाली." शशिकलाबाईंनी आपला कप पुन्हा चाखून पाहिला. पाठोपाठ वेंकटही आला. सिरुसेरीला ऑफिसजवळ राहणारा, आईला फोन करायला ज्याला रविवार लागे, तो रजा काढून तिचा हात धरून बसला. मग शंकेला जागाच उरली नाही.

त्यांनी सरळ विचारलं. एकदा नवऱ्याला, एकदा मुलाला. दोघांचं उत्तर तेच, तुला कशाला काळजी, आम्ही आहोंत. फोनवर शोधून वाचायचं त्यांनी मुद्दामच टाळलं. आपल्या माणसांनी समोर बसून सांगावं, एवढीच त्यांची इच्छा होती. भीती तर होतीच. पण भीतीपेक्षाही जास्त राग होता. आपलं शरीर, आणि त्याची बातमी सगळ्या घराला. आपल्यालाच तेवढी नाही!

ऑपरेशनचं ठरवायला तिघं हॉस्पिटलात गेली. डॉक्टरांच्या छातीवरच्या पट्टीवर नुसतं कीर्ती लिहिलेलं. चेन्नईत कीर्ती नावाच्या मुलींना काय तोटा. आणि बोलणं सगळं इंग्रजीत चाललेलं. ही इथलीच कुणीतरी, असं बापलेक धरून चालले. नर्स शशिकलाबाईंना तपासणीसाठी आतल्या खोलीत घेऊन गेली, डॉक्टर तपासून बाहेर आल्या. आतली खोली म्हणजे तरी काय, मध्ये प्लायवुडचा आडोसा, आणि तोही छतापर्यंत न पोचलेला.

बाहेर डॉक्टरांनी विचारलं, पेशंटला आजाराची पूर्ण कल्पना दिली आहे ना? कोणतं ऑपरेशन करायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं आहे ना?

त्यावर बापलेकांनी बाजारातली आपली जुनी युक्ती काढली.

"अप्पा, माहीत आहे म्हणूनच सांगूं," वेंकट म्हणाला. "पुरतं काढून टाकूं देत. ह्या वयांत ठेवून काय करायचं?"

"होय. तिला गाठ म्हणूनच राहूं दे. नांव काढलं तर हाय खाऊन बसेल. सही मागाहून घेऊं."

आणि मग दोघांनी इंग्रजीत डॉक्टरांना सांगितलं की तिला सगळं माहीत आहे, तिची संमती आहे.

आत शशिकलाबाई ब्लाउजची हुकं लावत होत्या. कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारला नव्हता, तरी तो त्यांनी ऐकला. त्याचा धक्का त्यांनी कॉफीच्या कपाशीच पचवला होता. पण "ह्या वयांत" हे दोन शब्द मात्र थेट काळजात गेले. ज्या छातीवर हा मुलगा वाढला, तिचा हिशोब त्यानं एका वाक्यात मिटवून टाकला होता. डोळे भरून आले, हुक बोटांतून निसटलं.

तेवढ्यात बाहेर डॉक्टर बोलल्या, आणि मराठीत बोलल्या.

"काका, मी सोलापूरची आहे. तुमची मराठी जुनी आहे, पण मला कळते. त्यांना काहीच माहीत नाही, हे तुम्ही आत्ताच म्हणालात. अशी सही मी घेणार नाही."

आयुष्यभर दुकानदारांना फसवणारी माणसं अखेर पकडली गेली होती. इतक्या दुःखातही शशिकलाबाईंना हसू फुटलं. त्यांनी हुक नीट लावलं, डोळे पुसले, निऱ्या झटकल्या, आणि कुणी बोलावण्याआधी त्या बाहेर येऊन डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीतून वेंकटला उठावं लागलं.

"वेंकटा," त्या म्हणाल्या, "ह्या वयांत म्हणजे कोणत्या?"

वेंकट बापाच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिला. माधवराव छताकडे बघू लागले.

किती सांगू, असं डॉक्टरांनी शशिकलाबाईंना विचारलं. सगळं, आणि नकाशा काढून, असं त्यांनी सांगितलं. मग कीर्तीनं कागद ओढला आणि गाठ कुठं आहे, केवढी आहे, काखेतल्या कोणत्या गाठी तपासायच्या, ते रेघा मारून दाखवलं. रस्ते दोन होते: स्तन पूर्ण काढायचा, किंवा गाठ तेवढी काढून नंतर काही आठवडे रेडिएशन घ्यायचं. दोन्हींनी जीव सारखाच राखला जाईल, असं त्यांच्या रिपोर्टवरून डॉक्टरांना वाटत होतं.

शशिकलाबाईंनी तोंडी परीक्षाच घेतली. केमो लागेल का? केस जातील का? मार्गळी महिन्यात पहाटे दारात वाकून कोलमची रांगोळी काढायला हा हात चालेल का? केमोचं काखेतल्या गाठी तपासल्यावर कळणार होतं, केस त्यावर अवलंबून होते, आणि हात व्यायामानं बहुतेक मोकळा होणार होता. शेवटी त्यांनी मुद्दाम मागं ठेवलेला प्रश्न विचारला. हे परत येईल का?

"बरं व्हायची आशा खूप आहे, काकू. पण परत येणारच नाही, असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत."

ह्या उत्तराला शशिकलाबाईंनी मनातल्या मनात पूर्ण मार्क दिले. एवढ्या दिवसांत त्यांच्याशी खरं बोललेलं ते पहिलं माणूस होतं. पायाखाली घट्ट जमीन लागल्यासारखं त्यांना वाटलं. गाठ तेवढीच काढायची आणि रेडिएशन घ्यायचं, त्यांनी ठरवलं आणि सांगूनही टाकलं. वेंकटनं रोजच्या जाण्यायेण्याचं काही काढलं, तर त्या म्हणाल्या की मी बसनं शाळेत जायचे, इथंही जाईन. बाहेर पडताना त्यानं आईची पिशवी घेतली आणि हळूच "चुकलं, अम्मा" म्हणाला. त्यांनी त्याच्या डोक्यावर एक टपली मारली आणि त्याला ऑफिसला पिटाळलं.

परतीच्या आटोत दोघंच उरली होती. गिंडीचा पूल आला तेव्हा सवयीनं बायकोकडे झुकून माधवराव कुजबुजले, "शशी, भिऊं नको. कुणाला सांगायचं नाही. आपल्यांतच ठेवूं."

शशिकलाबाईंनी आटोवाल्याच्या पाठीकडे पाहिलं. मग शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात, स्वच्छ तमिळमध्ये त्या म्हणाल्या, "एनक्कु कॅन्सर इरुक्कु, मला कॅन्सर आहे. मला भीती वाटते. पण काय करायचं ते मी ठरवलंय, आणि मी बरी होणार आहे."

आटोवाल्यानं आरशातून पाहिलं आणि रेडिओ बंद केला. मग तो अडखळत बोलू लागला. त्याच्या अक्कालाही छातीत तसलंच काही आहे म्हणे. घरात कुणी तिला काही सांगत नाही, ती विचारते आणि सगळे उठून जातात. डॉक्टरला विचारायचं तरी काय, हेसुद्धा त्यांना कळत नाही.

माधवरावांनी घसा साफ केला. आयुष्यभर आटोत बसून आटोवाल्याविषयीच बोलत आलेले ते गृहस्थ पहिल्यांदाच त्याच्याशी बोलले, आणि बोलताना त्यांची मान ताठ झाली होती.

"ह्या टीचर आहेत," ते तमिळमध्ये म्हणाले. "माझी बायको. त्यांना विचार, नकाशा काढून सांगतील."

आटोवाल्यानं आटो बाजूला घेऊन थांबवला. शशिकलाबाईंनी पर्समधून डॉक्टरांनी रेघा मारून दिलेला कागद काढला, आणि त्या पुढं सरकून बसल्या.