खांबावरचा मिन्चो

“माझ्या माणसाच्या तोंडावर कागद डकवला? कुणी? हात झडोत त्याचे!”

त्सोंका घरातल्या चपलांवर, हातात भाजीची सुरी घेऊन रस्त्यात उभी. मी शेजारीण, माझ्या दारातच थिजले. नवऱ्याला, मिन्चोला, माती दिल्यापासून या बाईनं उंबरा ओलांडला नव्हता. मी पाव नेऊन द्यायची, तो टेबलावर तसाच वाळायचा. ही अशीच झुरून जाणार, या धास्तीनं माझी झोप उडाली होती.

माणूस गेला की आमच्याकडे त्याचा फोटो छापून दारावर, खांबांवर लावतात. तो कुणी काढत नाही, ऊन-पाऊस काढतील तेव्हा काढतील. त्सोंकानं तर माती द्यायच्या आधीच घरापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत एक खांब सोडला नव्हता. आणि दवाखान्यातल्या देसी नर्सनं नेमके त्यावरच आपले हिरवे कागद लावले : मन हलकं करायला साऱ्या गावानं महिनाभर रोज टेकडी चढायची! पोरीला वाटलं, मेलेल्यांची तोंडं बघत चाललं तर मन हलकं कसलं व्हायचं?

त्सोंका खांबामागून खांब खरवडत निघाली. मागे मी, माझ्यामागे रडकुंडीला आलेली देसी.

“मावशी, चुकलं माझं. द्या, मी काढते.”

“हात लावू नकोस! कान उडवशील त्याचा.”

बेकरी गेली, चर्च गेलं, पूल गेला. दर खांबापाशी ती एप्रनच्या टोकानं मिन्चोचा गाल पुसायची आणि त्यालाच झापायची, “हसतोस काय, मेल्या?” टेकडीकडे निघालेली माणसं बाजूला होऊन वाट देत होती.

पायथ्याशी शेवटचा हिरवा कागद निघाला. पुढे नुसत्या पायऱ्या, खांब नाहीत.

“मावशी,” देसी दबकत म्हणाली, “वाट तर तुम्ही चाललातच की. चढणच राहिली.”

त्सोंकानं मागे वळून पाहिलं. एवढं लांब आलो हे तिच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं. माझा जीव टांगणीला लागला. आता ही परत फिरली, की ते दार पुन्हा उघडायचं नाही.

“हा कधी वर आला नाही गं,” ती मला म्हणाली. “म्हणायचा, तू जाऊन ये, मी इथं बसतो.” तिचे डोळे वाहत होते, तिनं पुसले नाहीत.

मिन्चोच्या कागदाचा सुटलेला कोपरा तिनं अंगठ्यानं दाबला. सुरी माझ्या हातात दिली.

“बस मग इथंच,” ती त्याला म्हणाली, आणि चपला फटफटवत पायऱ्या चढू लागली.