तिसरी उकल

विज्ञान-गणिताच्या त्या सरकारी शाळेत फी नव्हती आणि दयामायाही नव्हती. सत्र संपलं की चाळिसांपैकी शेवटच्या दोघांनी मुकाट्याने आपापल्या जुन्या शाळेत परत जायचं.

काडी यंदा एकोणचाळिसावी होती. अंगाने बारीक म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. जीभ मात्र मिरचीसारखी. तिच्या गावच्या शाळेत विज्ञानाला शिक्षकच नव्हता, तेव्हा परत जाणं म्हणजे शिक्षणाला रामराम. अडतिसावी होती तिची मावसबहीण, जिच्या घरी ती दोन वर्षं खाऊनपिऊन राहत होती.

गणिताचे पेपर हातात आले आणि काडीला सातव्या प्रश्नात चूक सापडली. समीकरणाच्या उकली सरांनी दोन धरल्या होत्या, तिने लिहिल्या होत्या तीन. सरांनी दोन्ही बाजूंना क्षने भागलं होतं. क्ष शून्यही असू शकतो, हे ते विसरले होते. सरांची रीत घोकणारा अख्खा वर्गही विसरला होता. चूक मान्य झाली तर तिला चार गुण मिळणार, बाकी सगळ्यांचे चार जाणार. मग तिच्या जागेवर कोण घसरणार, हे सांगायला गणित लागत नव्हतं.

मावसबहिणीने बाकाखाली तिचं मनगट आवळलं. "खबरदार हात वर केलास तर! खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?"

काडीने दुसरा हात वर केला.

"वीस वर्षं शिकवतोय मी," सर गुरकावले.

"मग वीस वर्षं शून्याने भागताय, सर."

तिने फळ्यावर क्षच्या जागी शून्य मांडलं. दोन्ही बाजू शून्य. सर लालबुंद झाले, पण गणितापुढे त्यांचं काही चालेना. त्यांनी नवी यादी केली आणि मुद्दाम सावकाश, मोठ्याने वाचली. एकोणचाळिसावं, मावसबहिणीचं नाव घेताना ते काडीकडेच बघत होते. काडीला आनंद झाला, अगदी निर्लज्ज आनंद, आणि तो तिला लपवताही येईना.

शाळा सुटल्यावर मावसबहीण पुढे निघून गेली. काडी घरी पोचली तेव्हा मावशीने ताट वाढलं होतं.

"उत्तर बरोबर होतं तुझं?"

"हो, मावशी."

"नक्की?"

"सरांनी मान्य केलं."

"मग पोटभर जेव." मावशीने पाण्याचा पेला पुढे सरकवला. "बॅग भरून ठेवलीय तुझी. एवढी हुशार मुलगी, शाळा ठेवून घेईलच की."

त्या शाळेला वसतिगृह नव्हतं. घरातल्या तिघींनाही ते ठाऊक होतं.